मार्क ट्वेनच्या संसाराचा जमाखर्च

१८९६ सालच्या जानेवारीत मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात एक साठीचा अमेरिकन पाहुणा खोकल्याने बेजार होऊन काही दिवस खोलीतच पडून होता. पिंजारलेले केस, झुपकेदार मिशा, तोंडात चिरूट. बरोबर नाजूक प्रकृतीची पत्नी आणि विशीतली मुलगी. बाहेर मुंबईच्या कावळ्यांचा दिवसभर कलकलाट चाले. पितृपक्ष सोडला तर आपण ज्या कावळ्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याच्यावर या पाहुण्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात भरभरून लिहिले. खोकला जरा उतरल्यावर त्याने नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्याने दिली. मग पुणे झाले, बडोदे झाले आणि अलाहाबाद, बनारस, कलकत्ता अशी पुढची वाट त्याने धरली. त्याच वर्षी जुलैत याच हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलतचित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला. त्यामुळे आपल्याकडच्या सिनेमावाल्यांना वॉटसन्सचे नाव पाठ असते. मार्क ट्वेनही तिथे उतरून गेला, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात नसते.

टॉम सॉयर आणि हकलबरी फिन यांचा हा जनक त्या वेळी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लेखकांपैकी एक होता आणि त्याच वेळी तो दिवाळखोरही होता. त्याची प्रकाशन कंपनी दीड-दोन वर्षांपूर्वी बुडाली होती. देणेकऱ्यांची पै न् पै चुकवायची म्हणून साठाव्या वर्षी, आजारी शरीराने, तो गावोगाव लोकांना हसवत पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. थोरली आणि धाकटी अशा दोन मुलींना त्याने अमेरिकेत मावशीकडे ठेवले होते.

हे कर्ज कसे झाले ते समजून घ्यायचे, तर त्याच्या घरात शिरावे लागते. कारण या माणसाचे घर, लेखन आणि धंदा यांच्यामध्ये कधी भिंतच नव्हती.

सॅम्युअल क्लेमेन्स हे त्याचे खरे नाव. जन्म ३० नोव्हेंबर १८३५ चा, मिसुरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या खेड्यातला. बालपण गेले मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी. वडील १८४७ साली वारले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि तो छापखान्यात उमेदवारीला लागला. थोरला भाऊ ओरायन याने वर्तमानपत्र काढले, त्यात हा खिळे जुळवायचा. कबूल केलेला पगार भावाने कधी दिला नाही. पुढे मिसिसिपीवर आगबोटीचा पायलट, यादवी युद्ध सुरू झाल्यावर नेवाडात खाणींच्या नादी लागलेला उडाणटप्पू, मग वार्ताहर, अशी त्याची वळणे आहेत. १८६३ पासून तो मार्क ट्वेन या नावाने लिहू लागला. पण शाईने बरबटलेली ती छापखान्यातली वर्षे त्याच्या रक्तात कायमची मुरली. एकेक खिळा उचलून ओळ बांधायला किती वेळ लागतो आणि किती डोळे फुटतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे याच अनुभवाने त्याला खड्ड्यात घातले.

लग्न ठरले त्याची कथा मोठी गोड आहे. १८६७ साली बोटीतून युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सफरीवर असताना एका तरुण सहप्रवाशाच्या खोलीत त्याने त्याच्या बहिणीचे चिमुकले चित्र पाहिले आणि तो तिच्यावर भाळला. ही ऑलिव्हिया लँग्डन, घरची लिव्ही. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावच्या श्रीमंत कोळसा-व्यापाऱ्याची मुलगी. ट्वेनपेक्षा दहा वर्षांनी लहान. सोळाव्या वर्षी बर्फावर पडण्याचे निमित्त झाले आणि ती जवळजवळ दोन वर्षे अंथरुणाला खिळली होती. प्रकृती जन्मभर तोळामासाच राहिली. मुलाकडे ना घर, ना घराणे, आणि तोंडात शिव्या. तरीही मुलीच्या बापाने होकार दिला. वाङ्निश्चय झाला त्या दिवसांत ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ या पुस्तकाची मुद्रिते येत होती. ती या दोघांनी मिळून तपासली. २ फेब्रुवारी १८७० रोजी त्यांचे लग्न झाले. मुद्रिते मात्र लिव्ही त्यानंतर चौतीस वर्षे तपासत राहिली.

पहिली दोन-तीन वर्षे वाईट गेली. सहा महिन्यांत सासरे वारले. नोव्हेंबरात मुलगा झाला, लँग्डन, तोही दिवस भरण्याआधी. १८७२ च्या मार्चमध्ये सूझी जन्मली आणि जूनमध्ये दीड वर्षाचा लँग्डन घटसर्पाने गेला. थंडीच्या एका सकाळी ट्वेन त्याला गाडीतून फिरायला घेऊन गेला होता. विचारांच्या नादात बाळाच्या अंगावरचे पांघरूण सरकले, ते याच्या लक्षातच आले नाही. मृत्यूचे कारण वेगळे होते. तरीही आपणच पोराला मारले, हे ट्वेनने म्हातारपणापर्यंत मनात धरले. लेखकाचे लक्ष घरावरून ढळले की काय होते, याची ही धास्ती त्याच्या मनात तेव्हापासून होती. पुढे १८७४ मध्ये क्लारा झाली आणि १८८० मध्ये जीन.

कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी १८७४ मध्ये त्यांनी बांधलेले घर आज संग्रहालय आहे. पंचवीस खोल्या, शेजार हॅरिएट बीचर स्टोचा. जेवणघरात शेकोटीच्या बरोबर वर खिडकी ठेवली होती, म्हणजे आतली आग आणि बाहेरचे बर्फ एकाच वेळी दिसावे. घर बांधावे ते असे, पण ते चालवावे कसे? पाहुण्यांची रीघ लागलेली असे. लिव्हीचा दिवस नोकरचाकर, मुलींचे धडे, मेजवान्या आणि हिशेब यांत जाई. ट्वेनची लिहायची जागा तिसऱ्या मजल्यावर, बिलियर्डच्या खोलीत. टेबल डोळ्यांसमोर असले की हात शिवशिवणार, म्हणून त्याने आपले मेज कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. ही युक्ती चालली असे मात्र दिसत नाही. हार्टफर्डच्या त्या देखण्या घरात त्याच्या हातून लेखन बेताचेच झाले.

त्याची मोठी पुस्तके लिहिली गेली ती उन्हाळ्यात, आणि दुसऱ्याच्या घरी. एल्मायराबाहेरच्या टेकडीवर लिव्हीच्या थोरल्या बहिणीचे, सुझन क्रेनचे शेतघर होते, क्वारी फार्म. दर उन्हाळ्यात ट्वेनचा सगळा संसार तिथे मुक्कामाला जाई. या बाईने मेहुण्याची नड बरोबर ओळखली. १८७४ साली तिने घरापासून शंभरेक यार्डांवर, चढावर, त्याच्यासाठी एक अष्टकोनी खोली बांधली. चहूकडे खिडक्या, आगबोटीच्या पायलटच्या कोठडीसारखी. सकाळी भरपेट न्याहारी करून तो तिकडे जाई. दुपारी जेवायला उतरत नसे. अगदीच काम निघाले तर घरून शिंग फुंकले जाई. संध्याकाळी पाचच्या सुमारास कागदांचा गठ्ठा घेऊन खाली येई आणि रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर सगळ्या घराला दिवसभराचे लेखन वाचून दाखवी. ‘टॉम सॉयर’, ‘द प्रिन्स अँड द पॉपर’, ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’, ‘हकलबरी फिन’ यांचा मोठा भाग त्या टेकडीवर लिहिला गेला. लेखकाला एकान्त लागतो हे सगळेच सांगतात. पण तो एकान्त कुणीतरी बांधून द्यावा लागतो, पोरे दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी लागतात, आणि स्वयंपाकघरात तिसऱ्या कुणाचा तरी घाम गळत असतो. साहित्याच्या इतिहासात या सुझन क्रेनच्या नावाने एखादे प्रकरण असायला हरकत नव्हती.

त्या स्वयंपाकघरात मेरी अ‍ॅन कॉर्ड नावाची कृष्णवर्णीय स्त्री होती. जन्माने गुलाम. तिचा नवरा आणि सात मुले तिच्यापासून तोडून विकली गेली होती आणि युद्धाच्या धामधुमीत धाकटा मुलगा तिला परत भेटला होता. सदा हसतमुख दिसणाऱ्या त्या बाईच्या तोंडून एका संध्याकाळी ओसरीवर ही हकिगत ट्वेनने ऐकली आणि जवळजवळ जशीच्या तशी लिहून काढली. १८७४ च्या नोव्हेंबरात ती ‘अटलांटिक’ मासिकात आली. ज्याच्याकडून लोक फक्त विनोदाची अपेक्षा करीत, त्याने लिहिलेली ती गंभीर गोष्ट होती. ‘हकलबरी फिन’मधल्या जिमकडे जाणारी वाट या ओसरीवरून सुरू झाली, असे मला वाटते.

रात्रीच्या त्या वाचनात लिव्ही पेन्सिल घेऊन बसे. आक्षेपार्ह मजकूर आला की ती पानाचा कोपरा दुमडी. मुलींना नेमकी तीच पाने आवडत, आणि दुमडलेला कोपरा दिसला की त्या हिरमुसत. ट्वेनही लबाड. काही वेळा तो मुद्दामच भयंकर काहीतरी लिहून ठेवी, आईचा चेहरा आणि मुलींची वकिली बघायला मिळावी म्हणून. या कोपऱ्यांवरून पुढे मोठा वाद झाला. १९२० साली व्हॅन विक ब्रुक्स या टीकाकाराने पुस्तक लिहून असा आरोप केला की सोवळ्या बायकोने एका रानदांडग्या प्रतिभेचे पंख छाटले. बर्नार्ड डिव्होटोने १९३२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले. मला डिव्होटोचीच बाजू पटते. ज्या वर्षांत लिव्ही कोपरे दुमडत होती त्याच वर्षांत ‘हकलबरी फिन’ लिहिले गेले, आणि तिच्या मागे त्याने त्या तोलाची कादंबरी पुरी केलेली नाही. तिने कापले ते बहुतेक शब्द. पण कुणासाठी लिहायचे, हे तिच्यामुळे त्याच्यासमोर रोज बसलेले असे.

बाप म्हणून तो मुलींत पुरता बुडालेला होता. हार्टफर्डच्या वाचनखोलीत शेकोटीवर चित्रे आणि शोभेच्या वस्तू ओळीने मांडलेल्या असत. रोज रात्री त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्रम न मोडता, प्रत्येक वस्तू गोवून नवी गोष्ट रचावी लागे. एक वस्तू राहिली तरी माफी नसे. मुलींच्या बोबड्या बोलांची आणि अफलातून प्रश्नांची त्याने एक वही ठेवली होती. १८८५ साली तेरा वर्षांच्या सूझीने उलट डाव टाकला. तिने बापाचेच चरित्र गुपचूप लिहायला घेतले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत आणि निरीक्षण धारदार आहे. बापाला ते कळल्यावर तो जेवणाच्या टेबलावर मुद्दाम चरित्रात शोभतील अशी वाक्ये टाकू लागला, आणि तेही सूझीने ओळखले. लोक आपल्या वडिलांना नुसते विदूषक समजतात, हे शल्य या मुलीला फार होते. तिच्या मते ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ हे त्यांचे खरे पुस्तक.

१८८५ पर्यंतचे हे चित्र असे सुखाचे. पण त्याच्या आदल्याच वर्षी ट्वेनने प्रकाशनात उडी घेतली होती.

त्याची पुस्तके दुकानांतून विकली जात नसत. फिरते विक्रेते नमुन्याची पाने आणि बांधणीचे तुकडे घेऊन दारोदार जात, आगाऊ मागणी नोंदवत, मग पुस्तक छापले जाई. धंदा किफायतशीर होता, आणि मलई प्रकाशक खातो, असे ट्वेनचे पक्के मत झाले होते. जुन्या प्रकाशकाच्या मृत्यूनंतर हिशेब पाहिल्यावर तर आपल्याला वर्षानुवर्षे लुबाडले गेले, अशी त्याची खात्रीच पटली. लेखकाने स्वतःच प्रकाशक व्हावे, हा मोह आपल्याकडेही अनेकांना झाला आहे आणि त्यातल्या बहुतेकांच्या माळ्यांवर त्याचे गठ्ठे अजून सापडतील. ट्वेनने कंपनी काढली ती भाचजावयाच्या नावाने. चार्ल्स एल. वेब्स्टर आणि कंपनी. वेब्स्टर हा बहिणीच्या मुलीचा नवरा. नात्यातला माणूस म्हणून विश्वासाचा, आणि नात्यातलाच म्हणून वाटेल ती कामे सांगायला मोकळा. पुस्तकांच्या कराराबरोबर ट्वेनच्या घरची किरकोळ कामेही त्याच्याच गळ्यात पडत.

सुरुवात मात्र झगझगीत झाली. कंपनीने ‘हकलबरी फिन’ काढले. पाठोपाठ जनरल ग्रँट यांच्या आठवणी. यादवी युद्ध जिंकणारे हे सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष १८८४ मध्ये एका पेढीच्या दिवाळ्यात कफल्लक झाले होते. घशाचा कर्करोग जडलेला, आणि मागे पत्नीचे काय होणार ही चिंता. दुसरे प्रकाशक दहा टक्के देऊ करीत असताना ट्वेनने निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के कबूल केले. ग्रँट यांनी वेदना सोसत पुस्तक पुरे केले आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, ते वारले. तीन लाखांहून अधिक संच खपले. १८८६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पत्नीच्या हाती दोन लाख डॉलरचा धनादेश पडला. एका मरणाऱ्या माणसाच्या संसाराची घडी ट्वेनने अशी बसवून दिली. त्याच्या प्रकाशन व्यवसायातले हे निर्विवाद मोठे काम.

पण या यशाने त्याच्या डोक्यात वारे शिरले. पुढे काढलेले पोप लिओ तेरावे यांचे चरित्र घरोघरी जाईल असे त्याने धरले होते. ते तसे गेले नाही. एका हिशेबनिसाने अफरातफर केली. अमेरिकन साहित्याचे अकरा खंड हप्त्यांवर विकायला घेतले. त्यात छपाईचा खर्च आज आणि पैसे यायचे सावकाश, म्हणजे खप जितका जास्त तितके भांडवल अडकून पडलेले. वेब्स्टरची प्रकृती ढासळली. तो १८८८ मध्ये बाजूला झाला आणि १८९१ मध्ये, चाळिशीही न गाठता, वारला. ट्वेनने पुढे सगळे खापर त्याच्याच माथी फोडले. फार कडवटपणे, आणि माझ्या मते अन्यायाने. वेब्स्टरच्या मुलाने १९४६ मध्ये पत्रव्यवहारासह पुस्तक छापून बापाची बाजू मांडली. ते वाचल्यावर मालकच धंद्याचा केवढा शत्रू होता हे दिसते.

खरे भगदाड दुसरीकडे होते. जेम्स पेज नावाचा एक संशोधक खिळे जुळवणारे यंत्र बनवीत होता. जुना कंपोझिटर असलेल्या ट्वेनने ते चालताना पाहिले आणि त्याच्यावर मोहिनीच पडली. यंत्र खिळे उचलायचे, ओळ बांधायचे, वापरलेले खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. माणसाच्या बोटांची हुबेहूब नक्कल. सुमारे अठरा हजार भाग, आणि त्यातला एखादा रोज रुसलेला. १८८० पासून त्याने त्यात पैसे ओतायला सुरुवात केली. एका काळात तर महिन्याला तीन हजार डॉलर त्यात जात होते. आणखी थोडी सुधारणा झाली की झालेच, हे पेजचे पालुपद. १८८६ मध्येच न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मर्गेनथालरचे लायनोटाइप चालू झाले होते. ते धातूची सबंध ओळच ओतून काढी. साधे, दणकट, आणि मुख्य म्हणजे तयार. तरी ट्वेनचा धीर सुटला नाही. एकूण तीन लाखांच्या आसपास डॉलर त्या यंत्रात गेले असे मानतात. त्यात पुस्तकांची कमाई होती तसा लिव्हीच्या माहेरचा पैसाही होता. या दाम्पत्यात कधी कडाक्याचे भांडण झाल्याची नोंद सापडत नाही. मला ते कौतुकाचे वाटण्यापेक्षा काळजीचे वाटते. एकदा तरी लिव्हीने पानाच्या कोपऱ्याप्रमाणे हिशेबाच्या वहीचा कोपरा दुमडायला हवा होता.

१८९१ च्या जूनमध्ये हार्टफर्डचे घर बंद झाले. युरोपात राहणे स्वस्त पडते म्हणून कुटुंब तिकडे गेले. मुली वाढल्या त्या भाड्याच्या घरांत आणि हॉटेलांत. धंदा सावरायला ट्वेन बोटीने अटलांटिकच्या खेपा घालत होता, आणि मधल्या वेळात कर्जाच्या धसक्याने झपाट्याने लिहीत होता. फ्लॉरेन्सजवळच्या मुक्कामात त्याने जोन ऑफ आर्कची कादंबरी लिहायला घेतली. नायिकेत सूझी उतरली होती. मार्क ट्वेनचे नाव पाहून लोक हसायला लागतील, म्हणून मासिकात ती निनावी छापली गेली. १८९३ मध्ये अमेरिकेत मंदीचा तडाखा बसला आणि बँकांनी हात आखडले. १८ एप्रिल १८९४ रोजी वेब्स्टर कंपनीचे दिवाळे जाहीर झाले. त्याच वर्षाअखेर पेजचे यंत्र शिकागोच्या एका दैनिकातल्या चाचणीत नापास झाले.

वाचवले ते हेन्री रॉजर्सने. स्टँडर्ड ऑइलचा हा धनाढ्य धंद्यात निर्दय म्हणून कुप्रसिद्ध होता, पण ट्वेनचा दोस्त झाला. त्याने एक पक्की व्यवहारी चाल केली. कंपनीने लिव्हीचेही बरेच पैसे देणे होते. त्या देण्यापोटी ट्वेनच्या पुस्तकांचे हक्क तिच्या नावावर करून घेतले. देणेकऱ्यांचे डोळे या पुस्तकांवर पडले असते तर कुटुंब कायमचे रस्त्यावर आले असते. बाकीची देणी लाखाच्या घरात होती. कायद्याने रुपयात आठ आणे देऊन सुटता आले असते. लिव्हीने ते मानले नाही. डॉलरला डॉलर दिला पाहिजे, हा तिचा आग्रह. रॉजर्सनेही तोच सल्ला दिला. जगाने या सचोटीचे श्रेय ट्वेनला दिले. त्यातला मोठा वाटा त्याच्या बायकोचा होता.

म्हणून व्याख्यानांचा दौरा. १४ जुलै १८९५ च्या रात्री एल्मायरा स्टेशनवरून गाडी हलली. ट्वेनच्या पायावर गळू झाले होते. बरोबर लिव्ही आणि क्लारा. सूझीची प्रकृती आणि जीनचे शिक्षण यांमुळे त्या दोघी सुझन मावशीकडे राहिल्या. फलाटावरच्या विजेच्या दिव्याखाली उभी राहून सूझी हात हलवत होती. तेरा महिन्यांत सगळे इंग्लंडात एकत्र यायचे ठरले होते.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन आणि मग आपली मुंबई. पारशांचे दखमे, गिरगावापलीकडची गर्दी, राजेरजवाड्यांच्या भेटी हे सगळे त्याच्या पुस्तकात आहे. हॉटेलात एका युरोपियन माणसाने हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट्याने सोसली, हे पाहून त्याला एकदम आपले बालपण आठवले. वडिलांनी गुलाम पोराला मारलेले फटके पन्नास वर्षांनी मुंबईत त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मार्चअखेर कलकत्ता सोडून तो मॉरिशसमार्गे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि ३१ जुलै १८९६ रोजी साउदॅम्प्टनला उतरला. गिल्डफर्ड गावी घर भाड्याने घेतले. मुली बोटीने येणारच होत्या.

मुलींऐवजी निरोप आला, की सूझी जरा आजारी आहे. काळजीचे कारण नाही असे कळवूनही लिव्हीला राहवेना. १५ ऑगस्टला ती आणि क्लारा अमेरिकेच्या बोटीत बसल्या. ट्वेन गिल्डफर्डला एकटा. तिकडे सूझीला हार्टफर्डच्या जुन्या, बंद घरात आणले होते. मेंदूज्वर झाला होता. तापाच्या भरात ती खोल्यांतून फिरली, पाने भरभरून असंबद्ध लिहिले, कपाटात सापडलेला आईचा जुना झगा आईच समजून तिने कवटाळला. मग दृष्टी गेली. उशाशी होती ती केटी लिअरी, सोळा वर्षे घरात असलेली मोलकरीण. तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून सूझीने तिलाच आई म्हणून हाक मारली. १८ ऑगस्टला ती गेली. वय चोवीस. गिल्डफर्डच्या जेवणघरात उभ्याउभ्या ट्वेनने तार वाचली. लिव्ही तेव्हा भर समुद्रात होती. बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा तिला कळले. एल्मायरात सूझीला पुरले, त्या वेळी बाप इंग्लंडातच होता.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते प्रवासवर्णन त्याने त्या वर्षी लंडनच्या चेल्सी भागात, जवळजवळ अज्ञातवासात बसून लिहिले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ १८९७ च्या नोव्हेंबरात निघाले. त्यातल्या आपल्या मुंबईच्या गमती वाचताना हे ध्यानात ठेवावे, की त्या रोज सकाळी मेजावर बसून शोकातून ओढून काढलेल्या आहेत. लिव्हीने याही पुस्तकाचे हस्तलिखित पानन्‌पान तपासले. तिच्या सूचना आणि त्याची उत्तरे शिल्लक आहेत. १८९८ च्या सुरुवातीला शेवटचे देणे फिटले. १९०० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. हार्टफर्डच्या घरात लिव्हीने पुन्हा पाऊल टाकले नाही. १९०३ साली ते विकले.

१९०२ मध्ये लिव्ही हृदयविकाराने अंथरुणाला खिळली. नवऱ्याच्या नुसत्या येण्याने तिला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी त्याला भेटायची बंदी केली. एकाच घरात राहून दोघे चिठ्ठ्या पाठवीत. मधूनमधून दोन-चार मिनिटांची भेट. त्या डिसेंबरात ट्वेनची एक कथा छापून आली होती. आजारी आईपासून मुलीचे आजारपण लपवण्यासाठी घरातली माणसे खोटे बोलतात, अशी तिची कल्पना. आणि त्याच महिन्यात जीनला न्यूमोनिया झाला. आईच्या उशाशी बसून जीन कशी मजेत आहे याच्या थापा क्लारा रोज रचत राहिली. ५ जून १९०४ रोजी, फ्लॉरेन्सला, लिव्ही गेली.

जीनला अपस्मार होता. १९०६ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ती आरोग्यधामांत, घरापासून दूर होती. बापाने तिला फार उशिरा परत आणले. त्यानंतरचे काही महिने मात्र ती त्याची चिटणीस होती, घर सांभाळत होती. १९०९ च्या नाताळाच्या आदल्या सकाळी न्हाणीघरात झटका येऊन तीही गेली. नाताळाच्या भेटवस्तू तिने रात्रीच बांधून ठेवल्या होत्या. ट्वेन तिच्या दफनाला एल्मायराला जाऊ शकला नाही. घरी बसून त्याने तिच्या मरणावर लिहिले आणि तेच आपल्या आत्मचरित्राचे अखेरचे प्रकरण ठरवले. २१ एप्रिल १९१० रोजी तो वारला. एल्मायराच्या स्मशानभूमीत लिव्ही, लँग्डन, सूझी आणि जीन यांच्या शेजारी त्याची जागा आहे.

मागे उरली क्लारा. पुस्तकांच्या उत्पन्नावर तिचे आयुष्य निघाले आणि बापाच्या अप्रकाशित कागदांवर तिचीच राखण होती. त्यांत धर्मश्रद्धेची निर्भय टिंगल करणारे काही लेखन होते. १९३९ मध्ये डिव्होटोने ते संपादून छापायला तयार केले. क्लाराने परवानगी नाकारली. ते बाड दोन तपे तसेच पडून राहिले. अखेर तिचे मन वळले आणि ‘लेटर्स फ्रॉम द अर्थ’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लारा वारली.